मध्यरात्री मिळालेली सुट्टी : लात्विया आणि आईस हॉकी

निळी_सायकल | शनि, रात्री ९:१२

परवा छोट्या देशांच्या खेळांवरच्या धाग्यात मी लात्वियाचं नाव काढलं, तर दोघांनी विचारलं, "म्हणजे लिथुआनियाच ना?" म्हणून हा वेगळा धागा. लिथुआनिया म्हणजे बास्केटबॉल, लात्विया म्हणजे आईस हॉकी. ही गल्लत लात्वियन माणसासमोर करू नका. कोल्हापूरकराला सांगलीचा म्हणून बघा, तसं होतं.

मी जळगावची. पंचेचाळीस अंशात वाढलेली मुलगी शिकायला रीगाला गेली, यातच अर्धा विनोद आहे. तिथे भारतीय विद्यार्थी बरेच आहेत आणि त्यातले बरेच खर्च भागवायला सायकलवरून जेवणाचे डबे पोचवतात. मीही पोचवायचे. पाठीवर चौकोनी पिशवी, हँडलला फोन.

२८ मे २०२३, रविवार. फिनलंडच्या ताम्पेरेमध्ये जागतिक स्पर्धेची ब्राँझची मॅच होती, लात्विया विरुद्ध अमेरिका. मला हॉकी म्हणजे मैदानावरची, तीही शाळेच्या पुस्तकातली. पण मॅचच्या आधी तासभर फोन इतका वाजला की पाय तुटले, आणि मॅच सुरू झाल्यावर एकदम शांत. एक ऑर्डर नाही. रस्त्यावर ट्राम रिकाम्या धावतायत, लायलॅक फुललेला, चिटपाखरू नाही. शेवटी एका बारच्या काचेला नाक लावून उभी राहिले. आतल्या आजीबाईंनी हातानेच "ये" म्हणून खुणावलं. पिशवी न काढताच आत शिरले.

अमेरिका ३-२ ने पुढे. ती आख्ख्या स्पर्धेत एकच मॅच हरली होती, तीही आदल्या दिवशी सेमीफायनलला. बारमधली माणसं ओरडत नव्हती, नुसती ग्लास धरून बसली होती. मग क्रिस्तियान्स रुबीन्स नावाच्या बचावपटूने बरोबरी साधली. जादा वेळेत दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू असतात आणि पहिला गोल झाला की खेळ खलास. तो गोलही रुबीन्सनेच मारला. ४-३. पुढचं नीट आठवत नाही. माझी पिशवी कुणीतरी काढून टेबलावर ठेवली होती आणि आजीबाई मला धरून रडत होत्या.

पुरुषांच्या जागतिक स्पर्धेतलं लात्वियाचं हे पहिलंच पदक. तोवर सेमीफायनलसुद्धा कधी गाठली नव्हती.

आता सुट्टीचं. रात्री बाराच्या सुमारास माझ्या उझबेक रूममेटने फोन नाकासमोर धरला. सायमा, म्हणजे तिथली संसद, रात्री भरली होती. काही खासदार संघाच्या जर्सीत. दहा-पंधरा मिनिटांत कायदा मंजूर : उद्या सोमवार, २९ मे, राष्ट्रीय सुट्टी. सोमवारी सकाळी दहाला माझं प्रेझेंटेशन होतं. पहाटे सरांचा एक ओळीचा मेल आला : "मला वाटतं आपण भेटत नाही आहोत." त्यांनाही खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यस्मारकापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. स्मारकावरच्या पुतळ्याला तिथे लाडाने मिल्दा म्हणतात. संघाचं विमान उतरण्याआधी गर्दीच्या डोक्यावरून इतकं खालून गेलं की बाजूच्या पोराने आईच्या पदराआड, म्हणजे कोटाआड, तोंड लपवलं.

लोकसंख्या १९ लाखांच्याही आत. नाशिक शहर २०११ च्या जनगणनेत १५ लाखांच्या आसपास होतं, म्हणजे नाशिक आणि वर थोडं. हे कसं जमतं, यावर तेव्हापासून जमेल तितकं वाचते आहे. कुणाला रस असेल तर बोलू.

---

चहाबाज | शनि, रात्री ९:२०

पहिला! धागा वाचतोय. आम्ही विश्वचषक जिंकून आलो तरी साहेब "हाफ डे टाका" म्हणाले होते.

---

खडकीवाला | शनि, रात्री ९:५१

छान लिहिलंयस, पोरी. आमच्या खडकीत हॉकी म्हणजे घराघरात. धनराज पिल्ले आमच्या गल्ल्यांतून चार ऑलिंपिकला गेला, त्यामुळे एवढ्याशा जागेतून खेळाडू कसे निघतात याचं मला नवल नाही. एका पोराने केलं की पुढची दहा पोरं करतात. स्टिक मोडली तर दोरी गुंडाळून खेळायची.

पण मला या बर्फावरच्या खेळाचं एक कळत नाही. गोल एवढुसा आणि त्यात तो गोलकीपर गादी बांधून बसलेला. गोल होतो तरी कसा?

---

निळी_सायकल | शनि, रात्री १०:०८

काका, अगदी हाच प्रश्न मी बारमध्ये विचारला होता.

गोल सहा फूट बाय चार फूट. तुमच्या हॉकीचा बारा बाय सात. चेंडूऐवजी गोठवलेल्या रबराची चकती, तिला पक म्हणतात, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. जोरात मारली तर ताशी दीडशे किलोमीटर सहज. गोलीच्या समोर मुद्दाम माणसं उभी करतात, त्याला चकती दिसूच नये म्हणून. वर ती वाटेत कुणाच्या स्टिकला लागून दिशा बदलते. नजर लागते तिथे गोल होत नाहीत, जिथे दिसत नाही तिथे होतात.

बर्फावर एका वेळी गोली धरून सहा जण. बाकीचे पाच दर पाऊण मिनिटाला बदलतात, धावत्या खेळातच, कठड्यावरून उड्या मारून. गोली मात्र साठही मिनिटं तोच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

---

तिरकस | शनि, रात्री १०:३०

लेख गोड आहे, पण काडी टाकल्याशिवाय झोप येत नाही.

१) आईस हॉकी खेळतात किती देश? थंडी असलेले सात-आठ. त्यात तिसरा आला म्हणजे आपण कबड्डीत पहिले येण्यासारखंच.
२) २०२३ मध्ये रशिया होता का? नव्हता. युद्धामुळे रशिया-बेलारूसवर बंदी होती. वर गटातल्या मॅचेस लात्वियाच्या घरी, रीगातच.
३) हे सगळं शिकवलं कुणी? सोव्हिएतांनी. दिनामो रीगा हा क्लब त्यांचा, कोच त्यांचे, रिंक त्यांच्या. स्वतंत्र झाल्यावर शिव्या द्यायच्या आणि वारसा मात्र ठेवून घ्यायचा.

घ्या, मी पॉपकॉर्न आणतो.

---

इतिहासाचा_किडा | शनि, रात्री ११:४४

तिरकसराव, तिसरा मुद्दा मलाच खाजवतोय, म्हणून पहिले दोन धागाकर्तीवर सोडतो.

उलटं आहे हो. लात्वियाचा संघ आंतरराष्ट्रीय महासंघात १९३१ साली आला. १९३६ च्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्येही खेळला. तेव्हा रशियात बर्फावर चेंडूचा खेळ चालायचा, बँडी. मोठं मैदान, अकरा माणसं. चकतीच्या हॉकीला तिथे "कॅनडियन हॉकी" म्हणत आणि ती फारशी कुणी खेळत नव्हतं. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने लात्विया गिळला. महायुद्धानंतर, १९४६ साली मॉस्कोने चकतीच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली, तेव्हा त्या साम्राज्यात हा खेळ ज्यांना आधीपासून येत होता त्यांत रीगाची पोरं होती. दिनामो रीगा त्या पहिल्या स्पर्धेत होता. रीगाचा गोली हारिस मेल्लुप्स पुढे मॉस्कोच्या हवाई दलाच्या संघात गेला आणि जानेवारी १९५० मध्ये स्वेर्दलोव्स्कजवळच्या विमान अपघातात जवळजवळ सगळा संघ गेला, त्यात तोही गेला.

म्हणजे सुरुवातीचे धडे कुणी कुणाला दिले, हे एवढं सरळ नाही.

नंतरचं मात्र तुमचं खरं. १९६८ मध्ये व्हिक्टर तिखोनोव्ह दिनामो रीगाला आला. हाच तो पुढे सोव्हिएत संघाचा लोखंडी कोच. तेव्हा रीगा खालच्या वर्गात होता, त्याने वरच्या वर्गात नेला. एका मॅचला तीनऐवजी चार फळ्या, म्हणजे पाच-पाच जणांचे गट, आलटून-पालटून खेळवायची त्याची पद्धत रीगातच मुरली. १९७७ मध्ये मॉस्कोने त्याला बोलावलं. जाताना रीगाचा सगळ्यात वेगवान खेळाडू हेल्मुट्स बाल्देरिस यालाही लष्कराच्या क्लबात घेऊन गेला. बाल्देरिसला "एलेक्त्रिच्का" म्हणत, म्हणजे विजेवरची लोकल. तीनेक वर्षांनी तो रीगाला परत आला. चांगला खेळाडू मॉस्कोत ओढायचा ही तेव्हाची रीतच. १९८८ मध्ये तरीही दिनामो रीगा सोव्हिएत लीगच्या फायनलपर्यंत पोचला. साम्राज्यातला एवढासा कोपरा, आणि थेट फायनल.

याच बाल्देरिसला १९८९ मध्ये एका अमेरिकन क्लबने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. ड्राफ्टमध्ये अठरा-वीस वर्षांची पोरं घेतात. आपल्याकडे छत्तिसाव्या वर्षी माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो.

---

चहाबाज | शनि, रात्री ११:५२

सेक्रेटरीवर आक्षेप. मी चौतिसाव्याच वर्षी झालो.

---

तिरकस | रवि, सकाळी ८:०५

मेल्लुप्सचं माहीत नव्हतं. तिसरा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

---

निळी_सायकल | रवि, सकाळी १०:१५

पहिल्या दोन मुद्द्यांवर.

महासंघाचे सभासद ऐंशीच्या वर आहेत, पण पदकं वर्षानुवर्षं त्याच सहा घरांत फिरतात : कॅनडा, अमेरिका, रशिया, स्वीडन, फिनलंड, चेक. त्यात अधूनमधून स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड, जर्मनी. त्यामुळे "सात-आठ देश" हे तुमचं बरोबरच आहे. पण त्या सात-आठांत शिरणं म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये दादरला शिरणं. कॅनडात नोंदलेले खेळाडू लाखांत, लात्वियात काही हजार. शिवाय वरच्या गटात सोळाच देश असतात आणि दर वर्षी दोन खाली ढकलले जातात. १९९२ मध्ये लात्विया महासंघात पुन्हा दाखल झाला, तेव्हा त्याला तळापासून, क गटातून सुरुवात करावी लागली. १९९६ मध्ये ब गट जिंकला, १९९७ मध्ये वर आला आणि तेव्हापासून एकदाही खाली पडलेला नाही. मला पदकापेक्षा याचं जास्त कौतुक वाटतं.

रशिया नव्हता, मान्य. पण क्वार्टर फायनलला स्वीडन होता. ३-१. आणि रशियाचंच म्हणत असाल तर मे २००० ची जागतिक स्पर्धा काढा. सेंट पीटर्सबर्ग, रशियाचं घर, एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या लीगमधले तारे घेऊन उतरलेला संघ. लात्वियाने ३-२ ने हरवला. रशिया त्या वर्षी अकरावा आला.

घरच्या मैदानाचं म्हणाल तर पहिल्याच मॅचला रीगातल्या प्रेक्षकांसमोर कॅनडाने ६-० ने धुतलं होतं. तिथून चढत-चढत शेवटच्या गटसामन्यात स्वित्झर्लंडला जादा वेळेत ४-३ ने हरवून पुढे गेले.

---

टोरंटोची_मावशी | रवि, सायं ७:२०

हा धागा मला बहिणीने पाठवला. इकडे वीस वर्षं झाली, मुलगा गोली आहे. गोलीचं सामान किती महाग असतं विचारू नका, दर दोन वर्षांनी पोरगं वाढतं आणि आमच्या सुट्टीच्या सहलीचे पैसे त्याच्या पायांना बांधले जातात.

लात्वियाचं नाव आमच्या ऑफिसात फेब्रुवारी २०१४ ला कळलं. सोची ऑलिंपिक, क्वार्टर फायनल, इकडे दुपारचे बारा. कँटीनमध्ये सगळे डबे घेऊन बसलेले, की आता सात-आठ गोल बघायचे. कॅनडाचा तो संघ म्हणजे सगळे करोडपती. समोर गोलमध्ये एकवीस वर्षांचा क्रिस्तेर्स गुद्लेव्हस्किस. त्या हंगामात तो अमेरिकेत दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये बसमधून फिरत होता. कॅनडाने ५७ शॉट मारले, त्याने ५५ अडवले. शेवटची सात-आठ मिनिटं राहीपर्यंत १-१. मग शे वेबरचा गोल झाला, २-१. कँटीनमध्ये कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत, नुसता सुस्कारा. माझी वरणभाताची वाटी तशीच.

आणि गंमत म्हणजे लात्वियाचा कोचही कॅनडाचाच, टेड नोलन, ओजिब्वे आदिवासी समाजातला. फितुरी म्हणावी की काय!

त्या रात्री मुलगा म्हणाला, आई, मला गोली व्हायचंय. तेव्हापासूनचा खर्च लात्वियाने द्यायला हवा.

---

खडकीवाला | रवि, रात्री ८:०२

५७ पैकी ५५! आमच्या वेळी गोलीला म्हणायचे, तू झोप, काम पडलं की उठवू.

---

निळी_सायकल | रवि, रात्री ९:३३

मावशी, तुम्ही माझं पुढचं वाक्य घेतलंत. गोली.

बाकी पाच जागांसाठी चार फळ्या, म्हणजे वीसेक चांगले खेळाडू लागतात. छोट्या देशाकडे एका पिढीत एकदम वीस असतीलच असं नाही. पण साठ मिनिटं बर्फावर राहणारा गोली एकच. तो जर जगात चांगला असेल, तर उरलेले वीस थोडे कमी असले तरी मॅच हातात राहते. लात्वियाने हे ओळखून केलं की आपोआप झालं ते मला सांगता येणार नाही, पण ओळ लागली आहे खरी.

सुरुवात आर्तुर्स इर्बेपासून. १९६७ चा, रीगाचा. दिनामो रीगाचा गोली, सोव्हिएत संघाकडून १९८९ आणि ९० चा जगज्जेता. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत रणगाडे येणार म्हणून लोकांनी जुन्या रीगात ट्रॅक्टर, ट्रक, लाकडाचे ओंडके आणून रस्ते अडवले आणि कडाक्याच्या थंडीत शेकोट्या करून पहारा दिला. त्यांत इर्बेही होता. मग त्याने सोव्हिएत जर्सी घालायलाच नकार दिला. पुढे अमेरिकेत गेला. २००२ मध्ये कॅरोलायनाच्या संघाला स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या, फायनलपर्यंत नेणारा गोली तोच, आणि २००० मध्ये रशियाला हरवलं तेव्हाही गोलमध्ये तोच.

काका, तुमच्या दोरी गुंडाळलेल्या स्टिकवरून आठवलं. एनएचएलमध्ये गोलींना दर हंगामाला नवी कोरी पॅड मिळतात. इर्बे आपली जुनीच वापरायचा, फाटली की स्वतः सुई-दोरा घेऊन शिवत बसायचा.

नंतर एदगार्स मासाल्स्किस, मग गुद्लेव्हस्किस, एल्विस मेर्झ्लिकिन्स, आणि २०२३ ला आर्तुर्स शिलोव्ह्स. बावीस वर्षांचा पोरगा, स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट गोली आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूही. आमच्या मजल्यावरच्या लहान मुलाने बाथरूमची चटई पायांना बांधून खुर्च्यांच्या मध्ये शिलोव्ह्स व्हायला सुरुवात केली होती.

---

टोरंटोची_मावशी | सोम, पहाटे ४:४८

एक नाव तू गाळलंस. मुद्दाम गाळलंस का?

---

निळी_सायकल | सोम, सकाळी ९:१०

हो मावशी. एका ओळीत उरकायचं नव्हतं.

मातीस किव्हलेनिएक्स. २०२१ ची जागतिक स्पर्धा रीगा आणि मिन्स्कमध्ये मिळून होणार होती. बेलारूसमधल्या राजकारणामुळे मिन्स्ककडून ती काढून घेतली आणि सगळी रीगात आली. साथीचे दिवस. २१ मे, पहिलाच दिवस, लात्विया विरुद्ध कॅनडा. लात्वियाने कॅनडाला त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. त्या दिवशी २-० ने हरवलं. किव्हलेनिएक्सने ३८ शॉट अडवले, एकही आत जाऊ दिला नाही. देशाच्या खेळातला सगळ्यात मोठा दिवस, स्वतःच्या शहरात, स्वतःच्या बर्फावर, आणि स्टँड रिकामे. प्रेक्षकांना परवानगीच नव्हती. माझी घरमालकीण सांगायची, लोक खिडक्या उघडून ओरडत होते, म्हणजे निदान शेजाऱ्याला तरी ऐकू जावं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, ४ जुलैच्या रात्री, अमेरिकेत मिशिगनमध्ये एका घरगुती समारंभात फटाक्यांची नळी कलंडली आणि त्याला छातीवर मार लागला. चोवीस वर्षांचा होता. मेर्झ्लिकिन्स आणि तो कोलंबसच्या एकाच क्लबात. मेर्झ्लिकिन्स आणि त्याची गरोदर बायकोही तिथेच होते. नंतर मुलगा झाला, त्याच्या नावात त्यांनी मातीस घातलं.

रीगाला मी पोचले ते यानंतर. तरी त्याच्याविषयी लोक असं बोलायचे जसं आपल्याकडे वाड्यातल्या गेलेल्या मुलाबद्दल बोलतात. १९ लाखांत कुणी ना कुणी त्याच्या शाळेतलं, त्याच्या रिंकवरचं, त्याच्या मावसभावाच्या ओळखीचं निघतंच. कार्लिस स्क्रास्तिन्शचं तसंच. एनएचएलमध्ये एकही मॅच न चुकवता सलग ४९५ मॅचेस खेळलेला बचावपटू, सप्टेंबर २०११ ला यारोस्लाव्हलच्या विमान अपघातात गेला. तिथल्या लोकांना या तारखा सांगाव्या लागत नाहीत.

---

खडकीवाला | सोम, सकाळी १०:४०

🙏

---

इतिहासाचा_किडा | सोम, दुपारी २:१५

२०२१ चं निघालंच आहे तर पुढचा भाग सांगतो, कारण तो तिरकसरावांना आवडेल.

तो कॅनडाचा संघ पहिल्या तिन्ही मॅचेस हरला. गटातली शेवटची मॅच लात्विया विरुद्ध जर्मनी. गणित असं होतं की साठ मिनिटांनंतर बरोबरी राहिली, म्हणजे मॅच जादा वेळेत गेली, तर दोघांनाही पुरेसे गुण मिळून दोघंही पुढे आणि कॅनडा घरी. नुसतं दोघांनी सामंजस्याने बरोबरीत खेळत राहायचं. जर्मनी २-१ ने जिंकला, साठ मिनिटांच्या आत. लात्विया बाहेर, कॅनडा आत. आणि तोच कॅनडा पुढे सुवर्णपदक घेऊन गेला.

---

तिरकस | सोम, दुपारी २:३१

आपल्याकडे असतं तर आदल्या रात्रीच दोन्ही मॅनेजर मिसळ खायला एकत्र बसले असते.

गंभीरपणे : खेळले ते आवडलं. पण मला अजून एक टोचतंय. २०२३ चा लात्वियाचा कोच हारिस वितोलिन्श. हा माणूस रशियाच्या संघाचा सहायक कोच होता ना? २०१८ च्या ऑलिंपिक सुवर्णाच्या वेळी? मग "स्वतंत्र बाणा" वगैरे जरा बेताने.

---

इतिहासाचा_किडा | सोम, दुपारी ३:०५

होता. ओलेग झ्नारोकबरोबर. आणि झ्नारोक त्याआधी लात्वियाचा मुख्य कोच होता. हा गुंता तसाच आहे. दिनामो रीगा नावाचा नवा क्लबही रशियन पैशाच्या केएचएल या लीगमध्ये २००८ पासून खेळत होता, राष्ट्रीय संघाचे निम्मे लोक तिथून यायचे. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि काही दिवसांत क्लबने लीग सोडली. मग हॉकी संघटनेने ठरवलं की रशिया-बेलारूसच्या क्लबांत खेळणाऱ्याला राष्ट्रीय संघात जागा नाही. पैसा तिकडे, जर्सी इकडे, काय ते निवडा. काहींनी पैसा निवडला. म्हणजे २०२३ चं ब्राँझ काही चांगले खेळाडू वगळून आलेलं आहे.

तेव्हा तिरकसराव, "रशिया नव्हता" हे दोन्ही बाजूंनी मोजा.

---

तिरकस | सोम, दुपारी ३:२०

मोजलं. दुसरा मुद्दा पाऊण मागे.

---

लेहचा_जावई | सोम, रात्री ९:४५

उशिरा आलो. नोकरीमुळे तीन हिवाळे लेहला काढले, सासरही तिकडचंच, म्हणून लिहितो. लडाखात जानेवारीत तळी गोठली की पोरं त्यावर हीच हॉकी खेळतात. संध्याकाळी बर्फावर पाणी शिंपडून ठेवायचं, रात्रीत काच होते. फौजेच्या आणि आयटीबीपीच्या टीम जोरात. पण बर्फ दीड-दोन महिने. फेब्रुवारी सरला की संपलं, पुन्हा पुढच्या वर्षी.

मला विचारायचं होतं, लात्वियातही नैसर्गिक बर्फावरच खेळतात का?

---

निळी_सायकल | सोम, रात्री १०:२०

नाही, आणि फरक तिथेच आहे. रीगा समुद्राकाठी, हिवाळा ओला आणि लहरी. आज उणे दहा, परवा चिखल. नुसत्या तळ्यावर भिस्त ठेवली असती तर काहीच झालं नसतं. छपराखालच्या, यंत्राने गोठवलेल्या रिंक लागतात. मोठं रीगा अरीना २००६ च्या जागतिक स्पर्धेसाठी बांधलं, दहा हजारांच्या आसपास माणसं बसतात. पोरं पाच-सहा वर्षांची असतानाच पहाटे रिंकवर. मी सकाळच्या पहिल्या ट्रामने जायचे तेव्हा समोर हमखास एक अर्धवट झोपलेला बाप, आणि त्याच्याहून मोठी पिशवी सांभाळणारं पोरगं.

तुमच्या लेहच्या पोरांना बारा महिने बर्फ मिळाला तर काय होईल, हे मला खरंच बघायचंय.

---

चहाबाज | सोम, रात्री १०:४१

अवांतर : २०१५ मध्ये एनएचएलच्या ऑल-स्टार सामन्यासाठी प्रेक्षकांची मतं मागवली होती, तेव्हा सगळ्यात जास्त मतं लात्वियाच्या झेम्गुस गिर्गेन्सन्सला पडली. पंधरा लाखांवर! तो तेव्हा तळाच्या बफेलो संघात. एक माणूस रोज अनेक मतं देऊ शकत होता आणि लात्वियन लोकांनी ती दिली. आपल्या गाण्याच्या स्पर्धांना गावंच्या गावं एसेमेस करायची, तेच हे. अमेरिकन समालोचक गोंधळून गेले होते.

धागाकर्ती, एक शंका. यांच्या सगळ्या नावांना शेवटी "स" का? आर्तुर्स, एल्विस, क्रिस्तेर्स...

---

निळी_सायकल | सोम, रात्री ११:०२

व्याकरण. पुल्लिंगी नामाला प्रथमेत बहुधा "स" किंवा "श" लागतो, संस्कृतच्या विसर्गाचा लांबचा भाऊबंद समजा. परदेशी माणसालाही सोडत नाहीत. पेपरात डोनाल्ड्स ट्रम्प्स छापतात. हॉकीलासुद्धा होकेय्स. आमच्या वर्गातला नांदेडचा राहुल तीन वर्षं राहुल्स होता. मुलींच्या नावाला बहुधा "आ" किंवा "ए" लागतो, त्यामुळे मी बचावले.

आणि मॅचला जाणार असाल तर एकच ओरड शिकून घ्या : "सराउय, लात्विया!" शब्दशः अर्थ "ओढ, हिसका दे". पाठीवर डबे असतानाही ओरडता येतं.

---

खडकीवाला | मंगळ, सकाळी ६:५०

रात्री नातवाने ती ब्राँझची मॅच लावून दिली. जादा वेळ दोनदा पाहिला. पहिल्यांदा चकती दिसलीच नाही, दुसऱ्यांदा नातवाने बोट ठेवून दाखवली तेव्हा कळलं. त्या रुबीन्सने मारलं तिथे मी असतो तर पास दिला असता. बरं झालं नव्हतो.

---

टोरंटोची_मावशी | मंगळ, सकाळी ८:१५

काका 😄

निळी_सायकल, एक राहिलं. त्या दिवशी तुझ्या पिशवीत ऑर्डर होती का गं? ती पोचली का?

---

निळी_सायकल | मंगळ, सकाळी ९:३०

मॅचच्या आत नव्हती मावशी. संपल्यावर एक आली, दोन पिझ्झा, नदीपलीकडे. पूल गाड्यांच्या हॉर्नने आणि झेंड्यांनी भरलेला, पोचायला पाऊण तास लागला. दार वाजवलं, कुणी उघडेना. आतून नुसतं गाणं ऐकू येत होतं. शेवटी शेजारचे आजोबा बाहेर आले, पिझ्झा हातात घेतला आणि म्हणाले, मी देतो त्यांना. दिला की नाही देव जाणे. पण ॲपवर पाच तारे आले.